राजीखुशीचा राजीनामा

बिंदुमाधव पायगुंडे रागीट होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर मागाहून तुम्ही म्हणाल की बिचाऱ्यावर अन्याय झाला आणि सांगणाऱ्यानं त्याचे दोष झाकले. अन्याय झालाच, त्यात वाद नाही. पण हा गृहस्थ काही गरीब गाय नव्हता. काशीत, रामघाटावरच्या उपाध्यांच्या घरात जन्मला. यात्रेकरूंची तीर्थकृत्यं करायचं घरचं काम धाकट्या यज्ञेशवर सोपवून स्वतः सिव्हिल इंजिनियर झाला आणि जन्मभर पूल, गोदामं, पाण्याच्या टाक्या बांधत पूर्वांचलभर हिंडला. समोरचा चुकीचं बोलला की याच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मग समोर मजूर आहे की मंत्री, हे बघायची पद्धत नव्हती.

पुण्याच्या एका कंपनीला विमानतळावर विमान दुरुस्तीचं हँगर बांधायचं काम मिळालं आणि त्यांना इथला, अनुभवी, शिवाय मराठी बोलणारा साइट इंजिनियर हवा होता. बिंदुमाधव मुलाखतीहून घरी आला तो हवेतच. "शरू, ऑफिसात मराठी बोलायचं आता! जन्मात पहिल्यांदा!" बायको शरदिनी म्हणाली, "मग रागावणार कुठल्या भाषेत?" कारण घरात मराठी आणि राग हिंदीत, हा त्याचा पहिल्यापासूनचा शिरस्ता.

पुण्याची मंडळी त्याच्या मराठीची मजा घ्यायची. तो "कलेक्टर माझ्याशी भेटला" म्हणाला की हसायची, "फुरसतीत बोलू" म्हणाला की हसायची. त्यातला आदित्य जरा बरा. हँगरचं डिझाइन त्याचंच, वय तिशीच्या आतबाहेर, साइटवरच मुक्कामाला होता. बिंदुमाधवला काका म्हणायचा, रविवारी रामघाटावर जेवायला यायचा, आणि शरदिनीच्या हातची आमटी ओरपून परत वाढून घ्यायचा.

आता हँगर म्हणजे काय, तर मधे एकही खांब नसलेली आडमाप शेड. आख्खं विमान आत ओढून आणायचं, जॅकवर उचलायचं, आणि माणसांनी त्याच्या पोटाखाली आडवं होऊन काम करायचं. म्हणून खालची फरशी फार महत्त्वाची. आदित्यच्या नकाशात ती बाहेरच्या धावपट्टीकडच्या काँक्रीटला अगदी समतळ होती, म्हणजे विमान अलगद आत येईल. दिसायला झकास. पण आदल्या श्रावणात पायासाठी खड्डे खणले होते तेव्हा बाहेरच्या नाल्याचं पाणी उलटं फिरून आत आलेलं बिंदुमाधवनं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचं म्हणणं एकच, फरशी फूटभर उचला.

"काका, नाही उचलता येत," आदित्य म्हणायचा. "छप्पर वर नेता येत नाही, विमानतळाचं उंचीचं बंधन आहे. लोखंड तयार होऊन आलंय. फरशी फूटभर वर गेली की विमानाचं शेपूट दारावरच्या तुळईला घासणार."

तोही खोटं बोलत नव्हता. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि असं भांडण सगळ्यात वाईट. ते तापत गेलं. एक दिवस विमानतळाचे साहेब पाहणीला आले असताना बिंदुमाधवचा पारा चढला आणि तो सगळ्यांदेखत ओरडला, "हा शेंबडा मला पाणी शिकवणार? नळाला येतं तेवढंच पाणी ठाऊक आहे याला!" आदित्य कानापर्यंत लाल झाला. मजूर हसले. साहेबही हसले, आणि हे हसणं संध्याकाळच्या आत पुण्याला जाऊन पोचलं.

वर बिंदुमाधवनं सही अडवली. फरशीचं काँक्रीट ओतायचं तर साइट इंजिनियरची सही लागते, आणि तो म्हणाला, या लेव्हलला मी मेलो तरी सही देणार नाही. काम ठप्प. पावसाळा तोंडावर. पुण्याचे डायरेक्टर दिनानाथ खळदकर रोज फोन करून आधी गोडीनं, मग तिखटानं बोलायला लागले.

इथे एक शब्द समजावून घ्या, नाहीतर पुढची गोष्ट तुम्हाला उगाच विनोदी वाटेल. राजीनामा. तुमच्याकडे राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. काशीत त्याला म्हणतात इस्तीफा. इथे राजीनामा म्हणजे दोन भांडणाऱ्यांनी राजी होऊन केलेला समझोता, तडजोड. कचेरीत तोच अर्थ, थान्यात, म्हणजे पोलीस ठाण्यात, तोच, आणि रामघाटावरच्या मराठी घरांतही तोच. बिंदुमाधवचे वडील लहानपणी दोघा भावांची मारामारी सोडवताना म्हणायचे, "चला, हात मिळवा, राजीनामा करा." हिवाळ्यात कंपनीच्या ट्रकचा धक्का लागून एक सायकलवाला पडला होता, तेव्हा बिंदुमाधवनंच आदित्यला घेऊन थान्यात जाऊन सगळं मिटवलं होतं. दरोगा म्हणाला, "राजीनामा लिखवा लीजिए," तर आदित्य केवढा दचकला! "काका, सायकलवाल्यानं कशाचा राजीनामा द्यायचा?" बिंदुमाधवनं त्याला शब्द समजावला आणि दोघंही परतताना खो खो हसले होते.

तर हा शब्द.

भांडण चिघळलं तसं शरदिनीनं नवऱ्याला झापलं. "पाण्याचं तुम्ही बरोबर बोललात, पण पोराला चारचौघात शेंबडा म्हणालात. आपल्या घरी जेवतो तो." बिंदुमाधव ओसरीवर जाऊन बसला. बसला आणि विचार करायला लागला, कारण राग उतरला की त्याचं डोकं फार छान चालायचं. फूटभर नको, वीतभर उचलू. आणि दारासमोर आरपार खोल गटार काढून वर लोखंडी जाळी टाकू. पाणी आलंच तर तिथे उतरेल, विमान जाळीवरून आत येईल, शेपूट तुळईखालून सुटेल. सकाळी त्यानं हे आदित्यपुढे मांडलं, आधी "तुला बोललो ते वाईट बोललो" असं म्हणून. आदित्यनं कॉम्प्युटरवर आकडे फिरवून पाहिले.

"बसतंय काका. वीतभर बसतंय."

बिंदुमाधवला त्या पोराला कडेवर घ्यावंसं वाटलं. त्यानं तिथूनच खळदकरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"साहेब, मी फार ताणलं. माझंही चुकलं, मी आदित्यची माफी मागितली. आता मी राजीनामा द्यायला तयार आहे."

त्यानं फोन तोंडाजवळ नेला.

"साहेब? ऐकताय ना?"

"नक्की का पायगुंडे? विचार केलाय?"

"रात्रभर तोच केला. अगदी राजीखुशीनं देतोय. तुम्ही फक्त मंजूर म्हणा."

"मंजूर," खळदकर म्हणाले. "लेखी पाठवा मात्र."

आदित्यनं मान वर केली. त्याचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बिंदुमाधवला वाटलं, पोरगा गहिवरला. त्यानं आदित्यच्या पाठीवर थाप मारली आणि बाहेर येऊन, निंबाच्या सावलीत उभा राहून, मोबाइलवर शुद्ध मराठीत मजकूर लिहिला. थान्यात असतो तसाच, कारण राजीनाम्याची भाषा त्याला तेवढीच ठाऊक. "ठरल्याप्रमाणे मी राजीनामा देत आहे. हा मी राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय देत आहे. यापुढे माझी कोणाविरुद्ध काही तक्रार राहणार नाही." वीतभराचा हिशेब आदित्य नकाशात दाखवणारच होता, म्हणून तो लिहिला नाही. दोनदा वाचून पाहिलं, स्वतःवरच खूश झाला, आणि पाठवलं. आपल्या हातानं आपली मान इतक्या टापटिपीनं कापलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

येताना त्यानं लंगडा आंबे घेतले. घरात शिरतानाच ओरडला, "शरू, राजीनामा झाला! दिला आणि मंजूरपण झाला!"

शरदिनी टीव्हीवर मराठी मालिका बघत होती. त्या मालिका तिच्या फार आवडीच्या, आणि बिंदुमाधव त्यांना "रडारड" म्हणून त्या खोलीत कधी बसायचा नाही. ती आंब्याची पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"अहो, काय शब्द वापरलात? राजीनामाच?"

"मग काय वापरणार?"

"नाही म्हणजे... यांच्या मालिकेत राजीनामा दिला की माणसं नोकरी सोडून घरी येतात. खोकं उचलून."

"हॅ! तो इस्तीफा."

"यांच्याकडे इस्तीफाला राजीनामा म्हणतात, असं वाटतंय मला."

मुलगी अवनी पलीकडे बसली होती. तिनं फोनमध्ये पाहिलं आणि हिंदीत म्हणाली, "बाबा, मम्मी ठीक कह रही है." तिनं फोन त्याच्यापुढे धरला. बिंदुमाधव आधी हसला. मग बसला. मग त्याला खळदकरांचं ते "विचार केलाय?" आठवलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

खळदकरांनी फोन उचलला नाही. आदित्यनं उचलला.

"आदित्य, अरे गफलत झाली! तू होतास ना तिथे? तुला ठाऊक आहे मला काय म्हणायचं होतं. सांग ना साहेबांना."

"काका..."

"थान्यात तूच विचारलं होतंस ना मला, शब्दाचा अर्थ?"

"काका, मी आता काय बोलणार? सरांनी मंजूर केलाय. एचआरला पण गेलाय." मग तो हळूच म्हणाला, "काकूंना माझा नमस्कार सांगा." बिंदुमाधवनं फोन ठेवला आणि मग जे हिंदीत बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी विमानतळाच्या फाटकावर त्याचा पास चालला नाही. ज्या शिपायाला रोज "का हो, ठीक?" म्हणायचा, त्यानंच त्याला अडवलं, आणि खाली मान घालून अडवलं हेच काय ते त्यातल्या त्यात. पुण्याहून नवा इंजिनियर आला. त्यानं सही केली. मूळ नकाशाप्रमाणे. फूटभर गेला तो गेलाच, वीतभरही गेली, जाळीचं गटारही गेलं. शुक्रवारी काँक्रीट ओतायचं ठरलं आणि त्यासाठी खळदकर स्वतः येणार असं कळलं.

आणि गुरुवारी ते रामघाटावर येणार होते. घ्या! हे बिंदुमाधवनंच ठरवून दिलं होतं, सगळं गोडीचं होतं तेव्हा. खळदकरांना आईवडिलांचं तीर्थश्राद्ध काशीत करायचं होतं, आणि बिंदुमाधव छाती फुगवून म्हणाला होता, "आमच्या घरी या, माझा भाऊ करील." त्याला वाटलं, आता हा माणूस तोंड दाखवणार नाही. पण ते आले. सपत्नीक आले, पंचगंगा घाटावर स्नान केलं, पिंड दिले, गल्लीबोळातून चालत घरी आले, आणि ओसरीवर बिंदुमाधवला बघून म्हणाले, "अरे वा, पायगुंडे! बरे आहात ना?"

यज्ञेशनं सकाळीच भावाचा हात धरून सांगितलं होतं. "दादा, यजमान आहे. जेवून उठेपर्यंत एक शब्द बोलू नकोस. आपल्या दारात आलेल्या यजमानाला आजवर कुणी वाकडं बोललेलं नाही."

"आणि जेवून उठल्यावर?"

"मग माझ्याकडे सोड."

म्हणून बिंदुमाधव गप्प राहिला. नुसता गप्प नाही, वाढायला उभा राहिला, कारण यज्ञेश पानावर बसला होता आणि घरात दुसरा पुरुष नव्हता. ज्यानं पोटावर पाय दिला त्याला त्यानं आपल्या हातानं भात वाढला, वरण वाढलं, "तूप घ्या" म्हणाला. शरदिनी स्वयंपाकघरात डोळ्याला पदर लावून वडे तळत होती. बाहेर खळदकरांचं कौतुक चाललं होतं. "काय गोड मराठी आहे हो तुमच्या घरात! आमच्या पुण्यात कानावर पडत नाही आता. इतकी वर्षं, इतक्या लांब राहून तुम्ही भाषा जपलीत, म्हणजे कमालच."

हात धुऊन मंडळी ओसरीवर बसली तेव्हा बिंदुमाधवला राहवलं नाही. पण आवाज चढवला नाही. जन्मात पहिल्यांदा त्यानं राग गिळून विनवणी केली.

"साहेब, मी नोकरी सोडली नव्हती. आमच्याकडे राजीनामा म्हणजे समझोता. तुम्ही इथे कुणालाही विचारा."

खळदकर हसले. वाईट नाही, अगदी समजूतदार हसले. "पायगुंडे, तुमच्यासारख्या मराठी माणसाला राजीनामा शब्दाचा अर्थ कळत नाही, असं मी पुण्यात जाऊन सांगू? हसतील लोक. मला नाही, तुम्हाला."

"हसू दे."

"अहो, एवढं जपलेलं मराठी तुमचं..."

"नाही येत मला मराठी!" बिंदुमाधव म्हणाला. "हिंदीवाला आहे मी, साहेब. घरातल्या घरात बोलतो ते मोडकंतोडकं, ते काही खरं मराठी नाही. मला तुमची भाषा येत नाही असंच लिहा आणि मला परत घ्या. पण ती फरशी तेवढी वीतभर उचला."

शरदिनी दाराशी येऊन उभी होती, तिनं तोंड फिरवलं. वडील असते तर या वाक्याला त्यांनी काय केलं असतं ते न बोललेलंच बरं.

"येतंय की," खळदकर म्हणाले. "चांगलं येतंय."

मग ते उठले आणि यज्ञेशसमोर वाकले. "गुरुजी, आता सुफळ द्या. निघायला हवं."

सुफळ म्हणजे उपाध्यायाचा शेवटचा शब्द. यजमानाची यात्रा सुफळ झाली, असं त्यानं तोंडानं म्हणायचं. तो म्हणाला नाही तर स्नान, पिंड, भोजन सगळं अधांतरी राहतं, अशी समजूत. यज्ञेशनं हात वर केला, भावाकडे पाहिलं, आणि हात खाली आणला.

"यजमान," तो म्हणाला, "माझ्या भावाच्या मनात खंत आहे. घरातलं माणूस दुखावलेलं असताना माझ्या तोंडून सुफळ निघत नाही. आधी ते मिटवा."

बिंदुमाधवनं त्याच्याकडे असं पाहिलं की काय सांगू. या धाकट्यानं जन्मभर यजमानापुढे मान तुकवलेली. आज मान वर होती. सौ. खळदकर घाबरून नवऱ्याचा सदरा ओढायला लागल्या, "अहो, करा ना काहीतरी. तीर्थाचं अर्धवट नको." आणि खळदकर एक क्षण खरंच गडबडले. बिंदुमाधवनं ते पाहिलं. त्या क्षणात त्याची नोकरी परत आली होती, फरशी वर उचलली गेली होती, श्रावणातलं पाणी दाराबाहेर अडलं होतं.

"अहो गुरुजी, एवढंच ना?" खळदकर म्हणाले आणि पुन्हा हसले. "चला, करून टाकू आपण राजीनामा! बनारसी राजीनामा हो, तुमचा तो. त्या सायकलवाल्याच्या वेळी आदित्यनं शिकवलाय मला. हे काम उरकू दे, पुढच्या एखाद्या कामावर दादांना घेतोच मी. झालं? मिटलं?"

यज्ञेशच्या ध्यानात काही आलं नाही. त्याला एवढंच ऐकू आलं की यजमान राजी झाला, दादाला काम मिळणार, आणि घराण्याचा शब्द राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. बिंदुमाधवच्या मात्र आलं. या खळदकरांना अर्थ ठाऊक होता. फोनवर "विचार केलाय?" म्हणाला तेव्हाही ठाऊक होता. "लेखी पाठवा" म्हणाला तेव्हाही. तो "यज्ञेश, थांब" म्हणायला गेला, पण धाकट्यानं दोन्ही हात वर करून, घाटापर्यंत जाईल अशा खड्या आवाजात म्हटलंसुद्धा, "यात्रा सुफळ झाली!"

खळदकरांनी यज्ञेशच्या पायावर डोकं ठेवलं. मग उठून, रीतच ती, थोरल्या भावाकडे वळले आणि त्याच्याही पायावर डोकं ठेवलं. तो टक्कल पडू लागलेला माथा आपल्या पावलांवर टेकलेला बिंदुमाधवनं पाहिला. काय काय बोलायचं होतं त्याला, मराठीत, हिंदीत, थान्यातल्या भाषेत. पण उपाध्यांच्या घरात वाढलेला माणूस तो. पायावर डोकं आलं की काय म्हणायचं ते त्याच्या जिभेला बोलता यायला लागल्यापासून पाठ होतं.

"कल्याणमस्तु," तो म्हणाला.